दुसरा पट्टा

आईंच्या हाताचं मला कळलं ते बाळीच्या वाटीमुळे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या बाळीला कुस्करलेलं केळं भरवत होत्या आणि चमचा तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा रिकामा होत होता. बाळीला वाटलं, आजी खेळतेय. तीही चमच्याबरोबर मान हलवायला लागली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला हसू आलं. आई हसल्या नाहीत. त्यांनी वाटी खाली ठेवली, उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला आणि म्हणाल्या, "पाहिलंस ना? आता पाहिलंच आहेस तर गप्प बस. त्याला सांगू नकोस."

तो म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा.

डॉक्टरकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. आजाराला नाव मिळालं होतं, गोळ्या सुरू झाल्या होत्या, गोळ्यांची पाकिटं शिवणाच्या डब्यात बटणांखाली जाऊन बसली होती. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढत जाणार; किती वेगाने, ते सांगता येत नाही. आईंनी मला हे सगळं बाळीचं तोंड पुसता पुसता सांगितलं, जणू दूधवाला उद्या येणार नाही म्हणतोय.

त्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. "श्वास रोखा, हलू नका" हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं. निवृत्त झाल्यावर लांब भिंगाचा कॅमेरा घेतला आणि गावातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात शिरल्या. गावाबाहेर पाणीपुरवठ्याच्या जुन्या, वापरातून गेलेल्या टाक्या आहेत. उघड्या, उथळ, कडेला चिखल. तिथे हा गट पहाटे जाऊन बसतो. गटाचे प्रमुख कॅप्टन. जहाजाशी त्यांचा काही संबंध नाही. शाळेत कवायत शिकवायचे, गळ्यातली शिट्टी अजून उतरलेली नाही, म्हणून कॅप्टन. आई गटात सगळ्यांच्या मावशी.

आणि वर्षातून एकदा बोट. नदीच्या मुखाजवळ एक बेट आहे, तिथे हिवाळा संपता संपता पक्ष्यांची मोजणी होते. बोट लहान. कॅप्टनचा नियम असा, की वर्षभरात ज्यांचे फोटो पक्षी ओळखता येईल इतके स्वच्छ येतात त्यांनाच बोटीत जागा. कारण मोजणीला पुरावा म्हणून फोटो लागतात. आई गटात आल्यापासून दर वर्षी बोटीच्या अगदी टोकाला बसायच्या. तिथून परतल्या की आठवडाभर त्यांच्या बोलण्याला वारा लागलेला असायचा. या वर्षी जागा ठरवायची शेवटची बैठक तोंडावर आली होती आणि त्यांच्याकडे दाखवायला एकही फोटो नव्हता. तिपाई लावली तरी बटण बोटानेच दाबायचं. पहाटेच्या अंधुक उजेडात फोटो हलायला तेवढा धक्का पुरत होता.

"पुढच्या वर्षी या हाताचं काय झालेलं असेल देव जाणे," त्या म्हणाल्या. "या वर्षीची बोट मला हवी. एवढी एकच. फोटो नंतर सुधारता येतात म्हणे कॉम्प्युटरवर. शोध तू. माझ्यासारख्या ढ बाईला जमेल असं काहीतरी शोध."

अटी त्यांनीच घातल्या. अक्षरं मोठी हवीत. बटणं कमी हवीत. चुकलं तर मागे जाता आलं पाहिजे. आणि मूळ फोटोला हात न लावता वेगळी प्रत काढणारं हवं. "एक्स-रेच्या मूळ फिल्मवर आम्ही रेघसुद्धा मारत नसू."

बाळी झोपली की आमची शाळा भरायची. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, एका बाजूला वाळलेल्या लंगोटांचा ढीग, दुसऱ्या बाजूला आईंचं पक्ष्यांचं पुस्तक. मला यातलं काहीच येत नव्हतं. आंधळ्याने पांगळ्याला रस्ता दाखवावा तसं चाललं होतं.

पहिलं सॉफ्टवेअर सगळे मोठे फोटोवाले वापरतात म्हणून उतरवलं. उघडलं तर चारही बाजूंनी बटणं, तक्ते, आलेख.

"अगं, मला बगळा उजळायचाय, विमान नाही उडवायचं," आई म्हणाल्या. शिकवणीचा व्हिडिओ लावला. त्यात एक मुलगा श्वास न घेता बोलत होता. आईंनी दोन मिनिटं ऐकलं. "याला आधी पाणी दे कोणीतरी." त्या सॉफ्टवेअरचं नाव पडलं विमान.

दुसऱ्याने फोटो उघडताच चेहरा शोधला, बगळ्याचा. गाल बारीक करू का, डोळे मोठे करू का, कांती नितळ करू का, असं विचारायला लागलं. आईंनी उत्साहाने सगळ्याला हो म्हटलं. निघाला तो बगळा लग्नाला निघाल्यासारखा होता. आम्ही दोघी इतक्या हसलो की बाळी उठली. ते पार्लर.

तिसरं खास पक्षीवाल्यांचंच होतं. मोठी अक्षरं, सरकवायच्या चारच पट्ट्या, सगळं आईंच्या अटींप्रमाणे. फक्त दर महिन्याचं भाडं भरेपर्यंत ते प्रत्येक पक्ष्याच्या छातीवर आपलं नाव तिरकं छापत होतं. "पोलिसाने शिक्का मारल्यासारखं," आई म्हणाल्या. पुढे.

चौथं साधं होतं. कडा काप, उजेड कमी-जास्त कर, तिरपं असेल तर सरळ कर, संपलं. आईंना ते फार आवडलं. उजेडाची पट्टी त्या थांबून थांबून सरकवायच्या. माऊसवरचा हात नाचायचा, पट्टी पुढे-मागे व्हायची, पण शेवटी कुठेतरी थांबायची. टाकीतलं पाणी उजळायचं, कडेचं गवत दिसायला लागायचं. पक्षी मात्र हललेला तो हललेलाच. "हा मास्तर आहे बघ," त्या म्हणाल्या. "नापास करतो, पण फुकटचे मार्क देत नाही." मग जरा वेळाने, "पण मला पास व्हायचंय गं."

पाचव्यात एकच बटण होतं. स्पष्ट करा. खाली बारीक अक्षरात, नवशिक्यांसाठी. दाबलं की गोल चक्र फिरायचं आणि पडद्यावर यायचं, "झालं! किती सुंदर फोटो!"

"गोड बोलतोय. विचारत काही नाही," आई म्हणाल्या. "जावई दिसतोय."

जावयाला त्यांनी टाकीच्या कडेचा एक करडा ठिपका दिला. चिखलावर उभा असलेला छोटा पक्षी. असेल असं आपण म्हणायचं. चक्र फिरलं. आणि धुक्यातून पक्षी बाहेर आला. पिसांच्या कडा, ओले पाय, चोचीवरचा चिखल, डोळ्यात उजेडाचा थेंब. पंखात एक पांढरं पीस होतं, तेही लख्ख.

 आईंनी पडद्याला बोट लावलं, ते काचेवर टकटक वाजलं. "हाच गं. हाच होता. असाच उभा होता." त्यांचा चेहरा मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय; इतका उघडा तो मी पाहिला नव्हता.

बाळी माझ्या मांडीवर लाळ गाळत बसली होती. तिची हनुवटी पुसता पुसता मी म्हटलं, "आई, याच्या गळ्यात दोन पट्टे आहेत."

पुस्तक उघडलं. टाक्यांवर नेहमी येतो त्या चिखल्याच्या गळ्यात एक काळा पट्टा. दोन पट्ट्यांचा होता, पण शेवटच्या पानांवर, इकडे कधीच न दिसलेल्या पक्ष्यांमध्ये.

"तुम्ही तिथे किती पाहिले?"

"मी कुठे धड पाहिला! भिंगात नुसता नाचत होता. म्हणजे तो उभा होता, नाचत मी होते." त्यांनी पुस्तकातलं चित्र पडद्याशेजारी धरून पाहिलं. मग गटाला फोटो पाठवला आणि खाली एका बोटाने टाइप केलं, 'गळ्यात दोन पट्टे दिसतात. खात्री नाही. अजून कोणी पाहिला का?'

खात्री नाही हे दोन शब्द कोणी वाचले नाहीत. फोन वाजायला लागला तो थांबेना. शेवटी कॅप्टनचा आवाज, इतका मोठा की मला मोरीत ऐकू आला. "मावशी! काय केलंत काय! बोटीचं टोक तुमचं, आत्ताच सांगतो. यावरून कोणी वाद घातला तर त्याला पाण्यात टाकतो."

आईंनी फोन ठेवला आणि माळ्यावरून स्वतः गमबूट काढले. खुर्चीवर चढू नका म्हणून मी ओरडले, तर म्हणाल्या, "आज मला काही होत नाही." ते खरंच वाटत होतं. नवऱ्याने ऑफिसात फोटो दाखवला. रात्रीच्या जेवणाला आईंनी आमटीची वाटी दोन्ही हातांनी उचलली, आणि त्याला वाटलं आनंदाने.

रविवारी टाक्यांवर जत्रा होती म्हणे. लांबच्या गावांतून माणसं मोठमोठे कॅमेरे घेऊन आली. आईही गेल्या. त्या परत आल्या तेव्हा मी बाळीला आंघोळ घालत होते. दारातल्या स्टुलावर बसून त्या चालायच्या बुटांच्या नाड्या सोडत होत्या, आणि नाडी सुटत नव्हती.

"दिसला?"

"दिसला. पट्टा एकच."

"दोन पट्ट्यांचा कुठे उडून गेला असेल."

"नाही. तोच तो. पंखात पांढरं पीस. सगळ्यांना दिसलं. ओळीने सगळ्यांनी भिंगातून पाहिलं आणि मग ओळीने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं." नाडी तुटली. "बाहेरगावचा एक जण मोठ्याने म्हणाला, पट्टा घरी रंगवलेला दिसतो."

आम्ही मूळ फोटो काढून मोठा केला. मोठा, अजून मोठा. तेव्हा दिसलं. सगळंच दुहेरी होतं. फिकट दोन चोची, दोन डोळे, दोन पट्टे, एकावर एक सरकलेले. फोटो निघाला त्या क्षणात हात एकदा हलला होता. जावयाने आपल्या परीने संसार लावला होता. चोच एक असते, डोळा या बाजूने एक दिसतो, एवढं त्याला शिकवलेलं असणार. गळ्यात पट्टे किती असावेत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दिसले दोन, काढले दोन.

"मग झालं तर!" मी म्हटलं. "हा दाखवला की प्रश्न मिटला. तुम्ही खोटं काही केलंच नाहीत."

आईंनी लॅपटॉप हळूच मिटला. "हा दाखवला की काय दिसेल?"



दुसऱ्या दिवशी दुपारी कॅप्टन आले. सोफ्याच्या कडेवर बसले, घरी जायची घाई असल्यासारखे. आईंनी बाळीची दुलई मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हात तिच्या घडीत घातले होते. चहा मी आणला.

"मावशी, लोक वाटेल ते बोलताहेत. मी म्हटलं, मावशी असं करणार नाहीत. मला फक्त मूळ फोटो दाखवा. बास. एकेकाची तोंडं बंद करतो."

"मूळ फोटोत एकच पट्टा आहे."

"मग?"

"कॅप्टन, त्याचं असं झालं, की ते सॉफ्टवेअर—" मी सुरुवात केली.

"अगं, बाळी उठली बघ," आई म्हणाल्या.

बाळी माझ्या कडेवर होती. टक्क जागी, कॅप्टनच्या शिट्टीकडे हात पसरून.

"दुसरा मी घातला," आई म्हणाल्या. आवाज सरळ होता. हाताचं आवाजात काही उतरलं नव्हतं अजून.

कॅप्टननी विचारलं, "का?"

"बोटीसाठी."

"बोट मागितली असतीत तर मी माझी जागा दिली असती, मावशी."

"मागून घेतलेल्या जागेवर बसून काय मोजायचं?"

ते उठले. चहाला त्यांनी हात लावला नव्हता. दारात थांबून, आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "गटातून नाव काढावं लागेल. आपली मोजणी पुढे पाठवली जाते, तिच्यावर लोकांचा विश्वास असतो. मला दुसरा मार्ग नाही."

"बरोबर आहे तुमचं," आई म्हणाल्या, आणि ते खरंच बरोबर होतं.

दार लागल्यावर मी भडकले. लग्नानंतर पहिल्यांदा सासूवर आवाज चढवला. "का पण? नाहीतरी बोट गेलीच. निदान नाव तरी राहिलं असतं!"

"ओरडू नकोस, पोर घाबरतंय." त्यांनी दुलईतून हात काढले. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटल्यासारखे ते हलत होते. "हात दाखवून अवलक्षण कशाला? खोटारडी म्हटल्यावर ते माझ्यावर चिडले. चांगलं चिडले. चिडलेलं माणूस तोंडावर बोलतं. आजारी म्हटलं असतं तर हाच माणूस माझा कप धरायला पुढे झाला असता. आणि मग माझ्यासमोर तुला विचारलं असतं, मावशी जेवतात ना नीट? एक्स-रेच्या खोलीत आयुष्यभर हेच बघितलं गं. पेशंटला विचारावं कुठे दुखतंय, आणि उत्तर सोबतच्याने द्यावं."

नवऱ्याला ही गोष्ट बाहेरून कळली. तो घरी आला तो बूट न काढताच. "आई, या वयात? फोटोत खाडाखोड? ऑफिसात मी तो सगळ्यांना दाखवलाय! लोक हसताहेत."

"हसू देत. व्यायाम होतो."

तो काही दिवस त्यांच्याशी फक्त मीठ दे, दार लाव इतकंच बोलला. मी त्याला सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते बहुतेक.

बोटीच्या दिवशी मी बाळीला घेऊन बाहेरच्या खोलीत आले तेव्हा आई तयार होऊन बसल्या होत्या. मातकट रंगाचा सदरा, कानटोपी. सवयीने जाग आली, म्हणाल्या, सवयीने कपडे घातले. गटातून नाव गेल्यामुळे फोनवर काही येत नव्हतं. तरी तो त्यांनी समोर ठेवला होता.

"अजून वेळ आहे," मी म्हटलं. "बोट उजाडल्यावर सुटते. मी कॅप्टनना फोन करते, सगळं खरं सांगते. थांबतील ते."

"थांबतील की. चांगली माणसं आहेत." त्या खिडकीकडे बघत होत्या. "सांग हवं तर. येतील. सगळे येतील. फळं घेऊन येतील."

मी फोन उचलला होता तो खाली ठेवला.

खिडकीत उजेड आला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, मास्तर आहे की अजून, जुने फोटो काढू, चांगले दिवस होते तेव्हाचे, उजळू. त्यांनी लॅपटॉप ओढून उघडला. उघडल्या उघडल्या जावई हजर. 'तुमचे नवे फोटो स्पष्ट करू का?'

"याला आधी घालवते," आई म्हणाल्या.

"द्या, मी काढून टाकते."

"मी घालवते."

काढून टाकायचं कुठून ते मी सांगितलं. तिथवर त्या पोचल्या. मग पडद्यावर छोटी चौकट आली. खात्री आहे का? खाली हो आणि नाही, एकाला एक चिकटून. बाण 'हो'वर गेला, 'नाही'वर गेला, चौकटीच्या बाहेर पडला, परत आला. त्यांनी दाबलं. 'नाही'वर पडलं. चौकट मिटली.

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून सगळं केलं. पुन्हा चौकट. पुन्हा तेच. गोळीची वेळ झाली नव्हती अजून. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. माऊस टेबलावर बारीक बारीक वाजत होता, आणि बाळी त्या आवाजाकडे झेपावत होती, तिला तो पकडायचा होता.

मी बाळीचा हात धरून ठेवला. आईंचा धरायची मला परवानगी नव्हती.

"थांब," त्या मला म्हणाल्या, मी काहीच केलं नव्हतं तरी. आणि तिसऱ्यांदा चौकट उघडली.